खडकाची ताकद कोणत्या दिशेने?

पाटीच्या दगडाच्या कडेवर थरांना धरून छिन्नी ठेवली आणि बेताचा ठोका दिला, की पातळ, सपाट फरशी सुटी होते. हिमाचलातील कांगडा भागात घरांच्या छपरांवर अशाच पाट्या दिसतात. तोच दगड थरांना आडवा तोडायचा तर दणके घालावे लागतात आणि तुकडे वेडेवाकडे निघतात. जमिनीखालच्या दाबाने या दगडातील अभ्रकासारखी चपटी खनिजे एकाच दिशेने बसलेली असतात. शेल, शिस्ट, नाइस हे खडकही दिशेनुसार वेगळे वागतात. त्यांना विषमदिक् खडक म्हणतात.

प्रयोगशाळेत अशा खडकाचा दंडगोल उभा दाबला, तर थर भाराला काटकोनात असताना तो भरपूर भार पेलतो. थर भाराला समांतर असले, की तो उभा चिरतो, पण तोवर बराच तग धरतो. सर्वांत दुबळा ठरतो तो थर भाराशी साधारण ३० अंशांचा कोन करतात तेव्हा. भाराचा मोठा हिस्सा थरांना एकमेकांवरून सरकवण्यात लागतो आणि खडक फुटण्याआधी घसरतो. जे. सी. येगर यांनी १९६० मध्ये हे गणिताने मांडले. भेगही दिशा पाहते: थर ओलांडताना ती अनेकदा कच्च्या पातळीवर वळते आणि पायऱ्यापायऱ्यांनी पुढे जाते.

त्यामुळे खडकाच्या ताकदीचा एकच आकडा धोकादायक ठरू शकतो. फ्रान्समधील फ्रेझ्यूसजवळचे माल्पासे धरण २ डिसेंबर १९५९ च्या रात्री फुटले आणि चारशेहून अधिक माणसे गेली. सुमारे ६६ मीटर उंचीच्या या कमानी धरणाखाली नाइस होता. डाव्या तीरावर धरणाचा रेटा नेमका थरांच्या दिशेने जात होता. तो आजूबाजूला पसरला नाही, थरांमधून खोलवर गेला. दाबलेल्या खडकातील बारीक भेगा मिटल्या, पाणी झिरपायला वाट उरली नाही आणि आतला पाण्याचा दाब वाढत गेला. अखेर खालच्या बाजूच्या प्रस्तरभंगावरून खडकाची मोठी पाचरच सरकली व धरणाचा आधार गेला. उजव्या तीरावरही नाइसच होता, पण तिथे थर आणि रेटा यांचा कोन वेगळा असल्याने रेटा असा एका पट्ट्यात कोंडला नाही. आपत्तीनंतरच्या तपासण्यांतून धरणाच्या पायाखालचे थर, त्यांचा कल आणि भेगांतील पाण्याचा दाब यांचा एकत्र विचार करण्याची पद्धत रुजली.