पगारातून कापलेला भविष्य निर्वाह निधी भरलाच नाही, तर?

वेतनपावतीवर दरमहा बारा टक्के कपात दिसते, पासबुकात मात्र तिची नोंद नाही. वेर्णा वा कुंडईच्या कारखान्यातील कामगाराला हे बहुधा नोकरी सोडताना कळते. तोवर बराच उशीर झालेला असतो.

कापलेली वर्गणी पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरणे मालकावर बंधनकारक आहे. ती रक्कम त्याच्या मालकीची नव्हे. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१६ ती त्याच्याकडे विश्वासाने सोपवलेली मानते. न भरल्यास तो फौजदारी विश्वासघात ठरतो. ‘धंदा मंदावला’ ही सबब म्हणूनच लंगडी वाटते.

पुराव्याचा कणा म्हणजे वेतनपावत्या. त्या, नियुक्तिपत्र आणि बँकेचे विवरण जपून ठेवावे. ‘उमंग’ अॅपवरून पासबुक उतरवून घ्यावे व कोणते महिने रिकामे आहेत ते टिपावे. मालकाकडे लेखी विचारणा करून पोच घ्यावी. समाधान न झाल्यास भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या तक्रार संकेतस्थळावर किंवा पणजीतील प्रादेशिक कार्यालयात तक्रार करता येते. त्यासाठी नोकरी सोडावी लागत नाही. चौकशीत थकबाकी निश्चित झाली, की ती व्याज व दंडासह वसूल करण्यासाठी मालकाचे बँक खाते गोठवण्याचा अधिकारही संघटनेला आहे.