महिलांचं सांघिक स्क्वॉश बघाच!

कुंभार पिंपळगावच्या पोरींनो, क्रिकेट-कबड्डीसोबत हा खेळही मोबाईलवर बघा. महिलांची जागतिक सांघिक स्पर्धा १९७९ पासून होतेय. दोन देशांत तीन एकेरी सामने, दोन जिंकले की फत्ते! त्यामुळे तिसऱ्या क्रमांकाची खेळाडूही निकाल फिरवते. मला हेच सगळ्यात आवडतं.

चेंडू रबराचा, आतून पोकळ. थंड असला की उसळतच नाही, म्हणून सामन्याआधी दोघी तो भिंतीवर मारमारून गरम करतात. गेम ११ गुणांचा, पाचपैकी तीन जिंकायचे.

डिसेंबर २०२४ मध्ये हाँगकाँगला याच जागतिक स्पर्धेत इजिप्तने अमेरिकेला हरवून विजेतेपद राखलं. गोव्याची आकांक्षा साळुंखे तिथे भारताकडून खेळली. २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये स्क्वॉश पहिल्यांदाच येतोय, पण फक्त एकेरी. सांघिकही हवं होतं!