भूकंपानंतर नगरला पाणी किती दिवसांनी?

मुळा धरणाची क्षमता 26 टीएमसी आहे, म्हणजे अहिल्यानगर शहराला पाण्याची चिंता नाही, असे कोणी म्हणाले तर नगरकर हसतील. धरण तुडुंब असतानाही शहरात निर्जळी होते. मुळानगरचा उपसा, विळदचे पंपिंग, वसंत टेकडीच्या टाक्या आणि तिथून वस्त्यांचे जलकुंभ अशी ही एकामागून एक साखळी आहे. मुळानगरची वीज गेली तरी त्याची झळ केडगावातल्या नळापर्यंत पोहोचते. अशा साखळीचा भरवसा मोजताना टक्क्यांची सरासरी काढून चालत नाही, त्यांचा गुणाकार करावा लागतो. हादऱ्यानंतर प्रत्येक टप्पा चालू राहण्याची शक्यता 90 टक्के धरली, तरी चारही टप्पे शाबूत राहण्याची शक्यता 66 टक्क्यांच्या आसपास येते. वाहिनीचा हिशेब तर यात अजून धरलेलाच नाही. अभियंते तो किलोमीटरमागे किती ठिकाणी फूट पडेल या दराने करतात. जमीन जितक्या वेगाने हलेल तितका दर वाढतो आणि पाईप कशाचा, जोड कसला, यावर तो कमी-जास्त होतो. शिशाने भरलेला जुना बिडाच्या पाईपाचा जोड ताण सोसत नाही. रबरी रिंगचा जोड थोडा सरकून घेतो. दर 20 किलोमीटरला सरासरी एक फूट असा दर मानला, तर 30 किलोमीटरची वाहिनी कुठेही न फुटण्याची शक्यता जेमतेम 22 टक्के उरते. हे आकडे केवळ नमुन्याचे आहेत. खरे आकडे काढावेत, एवढेच म्हणणे आहे.

आपल्याकडे कुठे भूकंप होतो, हा पहिला आक्षेप. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेपर्यंत किल्लारीतही हेच म्हटले जात असणार. तेव्हाच्या नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता आणि तिथे 6.2 तीव्रतेचा भूकंप होऊन हजारो माणसे गेली. संगमनेरच्या पठार भागात घारगाव-बोटा परिसराने तर अलीकडच्या वर्षांत सौम्य धक्के अनुभवले आहेत. त्यावरून मोठा भूकंप येणार असे भाकीत करणे चूक; पण ‘येणारच नाही’ हेही भाकीतच आहे.

अमृत योजनेतून समांतर वाहिनी झाली, मग आता काळजी कसली, असे कोणी विचारेल. दुसरी वाहिनी हवीच होती. पण दोन्ही वाहिन्यांचे धरण एक, मार्ग साधारण एक, वीजही त्याच भागातली. दोन वाटा एकाच कारणाने बंद पडत असतील, तर गणितात त्या दोन धरता येत नाहीत. या बाबतीत निजामशाहीतले नगर उजवे होते. कापूरवाडी, भिंगार, शहापूर अशा निरनिराळ्या बाजूंनी खापरी नळ शहरात येत, तेही उतारावरून, उपशाशिवाय. मातीचा नळ ठिसूळच आणि तेव्हाची वस्तीही थोडी, हे खरे. तरी प्रत्येकी 70 टक्के भरवशाच्या तीन स्वतंत्र वाटा असल्या, तर निदान एक चालू राहण्याची शक्यता 97 टक्के होते.

जुन्या वाहिन्यांची माहितीच नाही, मग गणित कशावर करायचे, हा तिसरा आक्षेप बराच वजनदार आहे. पण कोणत्या रस्त्याला वर्षातून किती वेळा लिकेज निघते आणि कोणता व्हॉल्व्ह फिरतच नाही, हे व्हॉल्व्हमनला ठाऊक असते. दुरुस्तीच्या नोंदींतून पाईपाचे वय आणि फुटण्याचा दर ढोबळ का होईना निघतो, आणि त्याचा खर्च नव्या वाहिनीच्या तुलनेत नगण्य आहे. जपानमध्ये कोबेला 17 जानेवारी 1995 च्या भूकंपात सुमारे 13 लाख घरांचे पाणी तुटले आणि पुरवठा पूर्ववत व्हायला दोन महिन्यांहून अधिक लागले. ज्या टाक्यांचे व्हॉल्व्ह हादरा बसताच आपोआप बंद झाले, त्यांतले पाणी फुटक्या नळांतून वाहून न जाता पिण्यासाठी उरले. वसंत टेकडीच्या टाक्यांना तसे व्हॉल्व्ह बसवणे अवघड नाही. महापालिकेने प्रभागवार एक तक्ता जाहीर करावा: मुख्य वाहिनी फुटली तर कोणत्या भागाला किती दिवस, माणशी किती लिटर आणि कुठून पाणी मिळेल. तो तक्ता नागरिकांनी मागायला हवा.