दर मुलामागे एक दात? गरोदरपणातील हिरड्यांचा मागोवा

गरोदरपणात हिरड्या सुजणे, लालबुंद होणे आणि ब्रश लागताच त्यांतून रक्त येणे ही इतकी जुनी तक्रार आहे की तिच्यावरून म्हणी पडल्या. ‘दर मुलामागे एक दात जातो’ अशी म्हण जर्मन भाषेत आहे. मराठी घरांत तीच गोष्ट ‘बाळ आईच्या दातांतलं कॅल्शियम ओढून घेतं’ अशा शब्दांत सांगतात. निरीक्षण दोन्हीकडे खरे आहे, कारण मात्र चुकीचे. दात एकदा तयार झाला की त्यातला चुना रक्तात परत जात नाही. बाळाला लागणारे कॅल्शियम आईच्या आहारातून आणि कमी पडल्यास हाडांतून येते. दात जातो तो सुजलेल्या हिरडीकडे केलेल्या दुर्लक्षामुळे, उलट्यांतल्या आम्लामुळे, दिवसभर थोडेथोडे खाण्यामुळे आणि ‘आता बाळंतपणानंतरच बघू’ म्हणून पुढे ढकललेल्या उपचारामुळे.

वैद्यकीय वाङ्मयात या सुजेची नोंद 1877 मध्ये पिनार यांच्या लेखनात सापडते. मोजमाप मात्र पुढच्या शतकात झाले. हाराल्ड लोए आणि जॉन सिलनेस यांनी 1963 मध्ये गरोदर स्त्रियांच्या हिरड्या अंकांत मोजण्याची पद्धत मांडली. हिरडीच्या आजारासाठी तोच निर्देशांक पुढे जगभर रूढ झाला. सूज दुसऱ्या महिन्यापासून दिसू लागते, आठव्या महिन्यात शिगेला पोहोचते आणि नंतर उतरते, असे त्यांना आढळले. गर्भारपण ही सूज निर्माण करत नाही, असलेली वाढवते. दातांवर कीटण साचलेले नसेल तर संप्रेरकांना भडकवायला फारसे काही उरत नाही.

संप्रेरके नेमके काय करतात, हे कोर्नमन आणि लोएश यांनी 1980 मध्ये दाखवले. हिरडीखाली राहणारे काही काळे रंगद्रव्य बनवणारे जिवाणू वाढीसाठी लागणाऱ्या के जीवनसत्त्वासारख्या घटकाच्या जागी इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन वापरू शकतात. गरोदरपणात ही संप्रेरके वाढली की या जिवाणूंचे फावते. शिवाय रक्तवाहिन्या अधिक पाझरू लागतात आणि हिरडी थोड्याशा कीटणालाही जोरात प्रतिसाद देते. काही स्त्रियांच्या हिरडीवर लालसर, सहज रक्त येणारी गाठ उगवते. तिला गर्भार-गाठ म्हणतात. नाव ऐकून घाबरायला होते, पण ती कर्करोगाची नसते आणि बहुधा प्रसूतीनंतर आपोआप आटते.

या मागोव्यातला सर्वांत गाजलेला टप्पा 1996 चा. अमेरिकेत ऑफेनबाकर आणि सहकाऱ्यांनी 124 मातांच्या अभ्यासातून असे मांडले की हिरडीचा पुढे गेलेला आजार असलेल्या स्त्रियांत अपुऱ्या दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळाची शक्यता सातपटीहून अधिक दिसते. बातमी मोठी होती. हिरड्या साफ केल्या की अकाली प्रसूती टळेल, अशी आशा तिने निर्माण केली. तिची कसोटी 2006 मध्ये लागली. मिखालोविझ यांच्या चाचणीत 823 गरोदर स्त्रियांचे दोन गट केले. एकाच्या हिरड्यांवर 21 व्या आठवड्याच्या आत उपचार झाले, दुसऱ्याच्या हिरड्यांवर प्रसूतीनंतर. अकाली प्रसूतीचे प्रमाण पहिल्या गटात 12.0 टक्के होते, दुसऱ्यात 12.8. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. मात्र उपचारांनी हिरड्या सुधारल्या आणि आईला किंवा बाळाला अपाय झाला नाही. अनेकांनी ही चाचणी अपयशी म्हणून बाजूला ठेवली, पण तिच्यातली खरी कमाई हीच होती. गरोदरपणात हिरडीखाली खरवडून साफ करणे सुरक्षित आहे, याचा इतका भक्कम पुरावा त्याआधी नव्हता.

दक्षिण जर्मनीतील हेर्त्सोगेनआउराख या छोट्या गावात या इतिहासाचे व्यवहारातले रूप दिसते. आदिदास, पूमा आणि शेफ्लर यांची मुख्यालये इथे आहेत, तर सीमेन्सचे एर्लांगेन जेमतेम दहा-बारा किलोमीटरवर. कामानिमित्त आलेल्या मराठी कुटुंबांत गरोदरपणाची सुरुवात स्त्रीरोगतज्ज्ञाकडून मिळणाऱ्या ‘मुटरपास’ या छोट्या पुस्तिकेने होते. जर्मनीत मातृत्व-संरक्षणाचा कायदा 1952 चा, तर हा पास 1960 च्या दशकातला. रक्तगट, रक्तदाब, वजन, सोनोग्राफी असे सगळे त्यात नोंदले जाते. तपासण्या साधारण दर चार आठवड्यांनी आणि शेवटच्या दोन महिन्यांत दर दोन आठवड्यांनी होतात.

तोंडाच्या आरोग्याचा उल्लेखही जर्मन मातृत्व-मार्गदर्शिकेत आहे. गरोदरपणाच्या शेवटच्या तिसऱ्या भागात डॉक्टरांनी आई आणि बाळ या दोघांच्या दृष्टीने दातांचे महत्त्व समजावून सांगावे, असे ती म्हणते. तरतूद चांगली, वेळ चुकीची. सूज दुसऱ्या महिन्यात सुरू होते हे 1963 पासून ठाऊक असताना सल्ला सातव्या महिन्यानंतर द्यायचा, हे पीक कापणीला आल्यावर पेरणीचे मार्गदर्शन करण्यासारखे आहे. उपचारासाठी सर्वांत सोयीचा काळ, म्हणजे मळमळ ओसरल्यानंतरचे आणि पोटाचा भार वाढण्यापूर्वीचे मधले तीन महिने, तोवर निघून गेलेले असतात.

दंतवैद्याच्या खुर्चीतली भीतीही टप्प्याटप्प्याने कमी झाली. जर्मनीत सर्रास वापरले जाणारे आर्टिकेन हे बधिरीकरणाचे औषध हेक्स्ट कंपनीचे; 1976 मध्ये ते ‘उल्ट्राकाइन’ या नावाने बाजारात आले. रक्तातील प्रथिनांना ते घट्ट बांधले जाते, त्यामुळे गर्भापर्यंत कमी पोहोचते. म्हणून गरोदर स्त्रीसाठी तिथले दंतवैद्य ते पसंत करतात. एक्स-रे तातडीचा नसेल तर पुढे ढकलतात. वेदनेसाठी पॅरासिटामॉल चालते. आयबुप्रोफेन शेवटच्या तिमाहीत टाळायचे असते. टेट्रासायक्लिन बाळाच्या दातांवर कायमचे डाग पाडते. शेवटच्या महिन्यांत उताणे झोपल्याने मोठी शीर दबून चक्कर येऊ शकते, म्हणून स्त्रीला किंचित डाव्या कुशीवर कलते ठेवतात. पारा असलेल्या अमाल्गमचा प्रश्न कायद्यानेच मिटवला. युरोपीय संघात 1 जुलै 2018 पासून गरोदर व स्तनदा स्त्रियांच्या आणि 15 वर्षांखालील मुलांच्या दातांत ते भरणे अपवाद सोडता बंद झाले, आणि 1 जानेवारी 2025 पासून इतरांसाठीही.

महाराष्ट्रात प्रश्नाला आणखी एक पदर आहे, मशेरीचा. भाजलेल्या तंबाखूची ही पूड अनेक बायका दात घासण्याच्या नावाखाली हिरड्यांना लावतात. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी मुंबईतल्या 1217 स्त्रियांचा अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध केला. धूररहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी 105 ग्रॅमने कमी भरले. हिरडीचे दुखणे दाबणारी मशेरी बाळापर्यंत पोहोचते, ती अशी.

परदेशी गेलेल्या घरात मशेरी सहसा नसते. तिथली सवय वेगळी. नव्वद दिवसांच्या व्हिसावर आई किंवा सासूबाई येतात, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू होतात, आणि रात्री-अपरात्री बाळाला पाजताना गुळाचा लाडू तोंडात जातो. लाडवाला दोष नाही. पण त्यानंतर पाण्याची चूळही न भरता झोपले तर गुळाचा चिकटा रात्रभर दातांत राहतो. उलटीनंतर मात्र लगेच ब्रश करायचा नसतो. आम्लाने मऊ झालेला थर त्याने खरवडला जातो. आधी खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने चूळ भरायची आणि अर्ध्या-एक तासाने मऊ ब्रश वापरायचा.

जर्मन विम्याची बाजू 1989 पासून बदलत गेली. त्या वर्षी ‘बोनुसहेफ्ट’ ही वही आली. वर्षातून एकदा तपासणीचा शिक्का सलग पाच किंवा दहा वर्षे पडला तर पुढे कृत्रिम दातांसाठी जास्त अनुदान मिळते. जुलै 2019 पासून बाळाची दंत-तपासणी सहाव्या महिन्यापासून विम्यात आली, तर जुलै 2021 पासून हिरडीच्या आजाराच्या उपचारानंतर दोन वर्षांची देखभालही. दातांवरचा दगड काढणे वर्षातून एकदा विम्यातून होते, मात्र दंतचिकित्सालयात होणारी सखोल सफाई त्यात धरलेली नाही. अनेक विमा संस्था तिच्यासाठी काही रक्कम देतात, काही गरोदर स्त्रियांना अधिक. नियम संस्थेगणिक वेगळे असल्याने सफाईची वेळ ठरवण्याआधी आपल्या विमा संस्थेला फोन करावा, आणि तो फोन तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच करावा.