आत्याची गोष्ट सातबाऱ्यावर सापडत नाही

आजचा विषय आहे गावाकडच्या घराण्यांच्या गोष्टी, आणि त्या पुढच्या पिढीकडे कशा जाव्यात. आपण बहुतेकजण ठाणे, कल्याण, डोंबिवलीचे. काहीजण कोकणातून, घाटावरून इथे आलो. काहींची तर गावंच इथली. शहर त्यांच्या शेतात येऊन उभं राहिलं. दोघांपुढचा प्रश्न एकच. आजोबांचं नाव माहीत आहे, पणजोबांचं आठवावं लागतं. त्याच्या मागे काय?

यान व्हान्सिना या बेल्जियन इतिहासकारानं आफ्रिकेतल्या मौखिक परंपरा अभ्यासल्या. त्याला असं दिसलं की लोकांना अलीकडचं पुष्कळ आठवतं, अगदी मूळचंही आठवतं, मधला काळ मात्र रिकामा राहतो. ही पोकळी ‘तरंगती’ असते, म्हणजे एक पिढी गेली की तीही पुढे सरकते. आपल्या घरात हेच आहे बघा. ‘आमचा मूळपुरुष अमुक गावाहून आला’, आणि तिथून उडी थेट आजोबांवर! जर्मन अभ्यासक यान आसमान म्हणतात, बोलण्याबोलण्यातून चालणारी स्मृती साधारण ८० ते १०० वर्षं टिकते. म्हणजे तीन-चार पिढ्या.

मग ही पोकळी कशानं भरायची? कागद आहेत. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे आडनाव आणि गाव सांगितलं की जुन्या वह्यांतून पूर्वजांची नावं निघतात. विसाव्या शतकात अनेक घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत छापले. ज्यांची जमीन होती त्यांच्याकडे सातबारा आणि फेरफार आहेत. फेरफारात वारसांची नावं क्रमानं लागतात. सातबाऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा रकानासुद्धा असतो. पुष्कळदा तो कोराच राहतो, पण घरात त्या तुकड्याला नाव असतं : वडाखालचं, खारीतलं. त्या नावामागे एखादी हकीकत असते. जमीन बिनशेती झाली, इमारत उभी राहिली, की नाव कुणी घेत नाही, आणि हकीकत सांगायचं कारणही उरत नाही.

पण कागदाला काय दिसतं आणि काय दिसत नाही, तेही पाहायला हवं. फेरफारात लिहिलेलं असतं, बहिणींनी हक्क सोडला. का सोडला? राजीखुशीनं, की माहेर तुटेल या भीतीनं? त्याला तिथे रकाना नाही. जुन्या कुलवृत्तांतांत वंश चालतो तो मुलांचा. मुलीची नोंद बहुधा सासरच्या आडनावापाशी थांबते. आणि ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती, त्या कातकऱ्यांचं, शेतमजुरांचं काय? त्यांचा इतिहास कागदावर फारसा आलाच नाही. तो तोंडीच राहिला.

हा तोंडी इतिहास किती मोठा असू शकतो? पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या वाचायला, ऐकायला मिळतात. माहेर, भाऊ, सासर, दुष्काळ, बाबासाहेब आंबेडकर, सगळं त्यात आहे. गाणाऱ्या बायकांपैकी अनेकींना अक्षरओळख नव्हती.

आता नीट लक्ष द्या. गावात पिठाची गिरणी आली आणि जातं थांबलं. बायका होत्या, ओव्या पाठ होत्या, पण पहाटे एकत्र बसून गायचं निमित्त गेलं. आपल्या भागातल्या आगरी लग्नांतल्या धवलारणीचंही तसंच. लग्नाच्या एकेका विधीला ती धवले गाते. हॉलमध्ये दोन तासांत लग्न उरकायचं ठरलं, तर ती गाणार कधी? म्हणून आमचं म्हणणं असं की माणूस जिवंत असतानाही गोष्ट मरू शकते, कारण ती निमित्तावर जगते. फक्त रेकॉर्डिंग करून ठेवलं तर गोष्ट साठेल, पण पुढे चालायची तर निमित्त हवं.

मग आपण काय करायचं? गणपतीत, होळीत घर जमतं. आरतीनंतर अर्धा तास मोबाईल मधोमध ठेवा, सांगणाऱ्याची परवानगी घ्या, आणि विचारा. ‘पूर्वी कसं होतं?’ असं मोघम विचारू नका. कुठल्या शेताला काय म्हणायचे, कुठल्या साली कोण मुंबईला गेलं, पहिली मनीऑर्डर कुणी पाठवली, असं विचारा. बोली सुधारू नका. आजीची आगरी किंवा मालवणी आहे तशीच उतरवा. आणि लहान मुलांना तिथेच बसवा.

आम्ही तत्त्वज्ञान शिकवत होतो तेव्हा मुलं हमखास विचारायची, खरं कशाला म्हणायचं? वाटणीची गोष्ट दोन भावांच्या घरी दोन तऱ्हेनं सांगतात. वाटणी कधी झाली, हे फेरफारावरून ताडून पाहता येतं. पण कुणाला काय वाटलं, ते दोन्ही बाजूंनी लिहून ठेवावं. एक बाजू खोडली, तर पुढच्या पिढीला भांडणाचा निकाल मिळेल, भांडण काय होतं ते कळणार नाही.

आणि सुरुवात आत्यापासून करा. तिचं नाव फेरफारात आहे. त्या दिवशी काय घडलं, हे तिला आजवर कुणी विचारलेलं नसेल. ती सांगेल ते कदाचित आपल्या घराला रुचणार नाही. तरीही ते तिच्याच शब्दांत लिहा.