जत्रेतला गाडा आणि गावकीचे राजकारण

पुण्याहून नगरकडे जाणारा माणूस पेरणे सोडून भीमेच्या पुलावर आला की हवेली तालुका मागे पडतो आणि शिरूर तालुका लागतो. पुढे कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव करीत शिरूर गाठले की घोडनदी आडवी येते. तिच्या पलीकडे पूर्वीचा अहमदनगर आणि आताचा अहिल्यानगर जिल्हा. दोन नद्यांमधला हा पट्टा हद्दीवरचा मुलूख आहे. पूल ओलांडला की तहसील बदलते, कधी जिल्हाही बदलतो. रस्त्याच्या कडेची कढई मात्र दोन्ही तीरांवर सारखीच उकळत असते.

आम्ही कापडवाले या कढईकडे धंद्याच्या नजरेने पाहतो. जत्रेत पाल ठोकायला जागा शोधताना जुना व्यापारी आधी भजीवाला कुठे बसणार ते विचारतो. त्याच्या अगदी शेजारी बसू नये, कारण तेलाचा एक थेंब पांढऱ्या टॉवेलावर पडला तर तो नग गेला. पण फार लांबही बसू नये. माणूस घरून निघतो तो उपाशी, आणि उपाशी गिऱ्हाईक भावात घासाघीस करते. पोटात गरम भजी आणि वर कपभर चहा गेला की तेच गिऱ्हाईक बायकोला लुगडे दाखवायला थांबते. भज्यांचा पहिला घाणा निघाल्याशिवाय आमची भवानी होत नाही, हा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे.

या पट्ट्यात खाणाऱ्यांची कमी नाही. सणसवाडी आणि रांजणगावचे कारखाने पाळी बदलतात तेव्हा वडापाव, भुर्जी, चपाती-भाजीच्या गाड्यांभोवती कामगारांचा गराडा पडतो. त्यात मराठवाड्याचे आहेत, बिहार-उत्तर प्रदेशचेही आहेत. उसाचा मुलूख असल्याने उन्हाळ्यात रसवंत्या लागतात. जत्रेच्या दिवसांत शेव-रेवडी, गुडदाणी, जिलेबी, भेळ-भत्ता येतो. ही दुकाने लावणाऱ्यांत आपले लोक पुष्कळ आहेत. कलिंगड कापणारा बागवान, पानाच्या टपरीवरचा तांबोळी, बांगड्यांचा मण्यार, अत्तर-सुरम्याचा आतार हे जत्रेचे जुने हक्कदार. यांचा माल बहुतेक उधारीवर उचललेला असतो. बेसन, तेल, साखर आणून ठेवली आणि ऐन वेळी बाजार भरला नाही, तर दुकानदार पैसे मागायला थांबत नाही, आणि भिजवलेले पीठ दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाही. आमचे कापड निदान गाठोड्यात परत जाते.

म्हणूनच गावकीच्या राजकारणाचा पहिला फटका गाड्याला बसतो. याचा सर्वांत मोठा धडा याच भागात मिळालेला आहे.

कोरेगाव भीमापासून आत तीन-चार किलोमीटरवर वढू बुद्रुक हे गाव आहे. छत्रपती संभाजी महाराजांची 11 मार्च 1689 रोजी हत्या झाली. त्यांची समाधी येथे आहे आणि दर फाल्गुन अमावास्येला पुण्यतिथीला मोठी गर्दी होते. गावात गोविंद गोपाळ यांचीही समाधी आहे. महाराजांच्या देहाचे अंत्यसंस्कार त्यांनी केले, असे दलित समाज परंपरेने मानतो. दुसरी बाजू तो मान दुसऱ्या घराण्याला देते. इतिहासकारांचा वाद इतिहासकारांनी करावा. पण डिसेंबर 2017 च्या अखेरीस या समाधीजवळच्या फलकावरून गावात तंटा झाला, समाधीच्या छताची मोडतोड झाली, गुन्हे दाखल झाले. लगेच पुढे होता 1 जानेवारी. 1818 च्या लढाईच्या आठवणीत पेरणे येथील जयस्तंभाला वंदन करण्यासाठी त्या दिवशी राज्यभरातून लोक येतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1 जानेवारी 1927 रोजी येथे आले होते, तेव्हापासून या दिवसाला वेगळेच महत्त्व आहे. 2018 साली तर लढाईला 200 वर्षे पूर्ण होत होती, म्हणजे गर्दी नेहमीहून जास्त.

अशा दिवशी कोरेगाव भीमात बंद पाळला गेला. हॉटेले बंद, चहाच्या टपऱ्या बंद. लांबून आलेल्या बायामाणसांना पाणी आणि घासभर खाणे मिळण्याची जागाच राहिली नाही. त्यानंतर दगडफेक झाली, गाड्या जाळल्या गेल्या, कोरेगाव आणि सणसवाडीत दुकाने, हॉटेले फोडली-जाळली गेली आणि एका तरुणाचा जीव गेला. 3 जानेवारीला राज्यभर बंद झाला. न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने चौकशी आयोग नेमला. दोष कोणाचा, हे ठरवणे आमचे काम नाही. व्यापाऱ्याला एवढे मात्र स्पष्ट दिसते की खाण्याच्या दुकानाचे शटर खाली ओढणे ही साधी सुट्टी नसते. ज्या रस्त्यावर लाखो लोक येणार तिथे चहा बंद ठेवणे हा निरोप असतो, आणि समोरचा तो बरोबर वाचतो. शटर ओढणाऱ्या हॉटेलवाल्याला तो निरोप द्यायचा असतोच असे नाही. गावात राहायचे म्हणून तो गप्प राहतो. दिवसाचा गल्ला त्याचा जातो, आणि आग लागली तर दुकानही त्याचेच जाते.

वढूच्या ग्रामस्थांनी नंतर दोन्ही बाजूंनी बसून आपसात मिटवून घेतले, ही गोष्ट त्या मानाने कमी छापली गेली. 2019 पासून 1 जानेवारीचा बंदोबस्त कडक झाला. नगर रस्त्याची वाहतूक त्या दिवशी वळवतात, वाहनतळ ठरवून देतात, आणि आलेल्या लोकांचे फुले देऊन स्वागत करणारे ग्रामस्थही दिसू लागले. धंदा आता वाहनतळाच्या आसपास सरकला आहे. हे ध्यानात न घेता जुन्या जागी हातगाडी लावून बसलेला माणूस दिवसभर माश्या मारतो.

आता नदीपलीकडचे पाहू. पाथर्डी तालुक्यातील मढी येथे कानिफनाथांची यात्रा होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालते. फेब्रुवारी 2025 मध्ये तिथल्या ग्रामसभेत मुसलमान व्यापाऱ्यांना यात्रेत दुकाने लावू देऊ नयेत असा ठराव झाला. कारण सांगितले गेले ते असे की यात्रेच्या काळात गाव तळण, लग्नकार्य वगैरे वर्ज्य मानते आणि हे व्यापारी ती प्रथा पाळत नाहीत. ओरड झाल्यावर गटविकास अधिकाऱ्यांनी तो ठराव बेकायदा ठरवला. प्रथा गावाची आहे, ती पाळली पाहिजे, याबद्दल जुन्या जत्रेकऱ्यांत दुमत नसते. ज्या गावात तळण नको तिथे कढई चढवू नये, चुरमुरे-फुटाणे विकावे. पण मग नियम कढईला लावावा, कढईमागच्या माणसाच्या नावाला लावू नये. तळण न करणाऱ्या बांगडीवाल्याचा यात काय संबंध, हे त्या ठरावाच्या समर्थकांनी कधी सांगितले नाही.

त्याआधी जुलै 2024 मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरील खाण्याच्या दुकानांवर मालकाची नावे लावण्याचा हुकूम निघाला होता. सर्वोच्च न्यायालयाने 22 जुलैला त्यास स्थगिती दिली. अन्न कोणत्या प्रकारचे आहे ते लिहावे, नाव लिहिण्याची सक्ती नको, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. गिऱ्हाइकाचाही हक्क यात राहिला आणि विकणाऱ्याचाही.

राज्यघटनेचे कलम 15 धर्म, जात यांवरून भेदभाव करण्यास शासनास मनाई करते, आणि ग्रामपंचायत ही शासनाचाच भाग आहे. त्याच कलमात दुकाने आणि उपाहारगृहे यांत कोणासही मज्जाव करू नये, असेही म्हटले आहे. म्हणजे विकणारा आणि खाणारा, दोघांचाही विचार तिथे झालेला आहे. धंदा करण्याचे स्वातंत्र्य कलम 19 मध्ये वेगळे दिले आहे.

पण कलम पाठ असून पाल ठोकता येत नाही. फेरीवाल्यांसाठी 2014 साली केंद्राचा कायदा झाला. त्यात समिती, सर्वेक्षण, विक्री प्रमाणपत्र सगळे आहे. मात्र तो महापालिका, नगरपालिका, नगरपंचायत, छावणी यांच्या हद्दीचा विचार करतो. शिरूर शहरात नगरपरिषद आहे, तिथल्या गाडीवाल्याने प्रमाणपत्र मागावे. वढू, कोरेगाव, सणसवाडी ही ग्रामपंचायतीची गावे. तिथे फेरीवाला समिती नाही. तिथे चालतो तो 1958 चा ग्रामपंचायत कायदा आणि बाजार फी. पुष्कळ गावांत फी वसुलीचा ठेका देतात. ठेकेदाराचा माणूस पैसे घेतो, बोटाने जागा दाखवतो आणि निघून जातो. उद्या तंटा झाला की ती जागा आपलीच होती हे दाखवायला आपल्याजवळ काहीच नसते.

वढू-तुळापूरच्या स्मारकासाठी राज्याच्या 2022 च्या अर्थसंकल्पात 250 कोटींची घोषणा झाली. फेब्रुवारी 2025 मध्ये ‘छावा’ चित्रपट आल्यावर समाधीकडे येणाऱ्यांची रीघ वाढली. स्मारक म्हटले की रस्ता रुंद होणार, वाहनतळ होणार, आणि कडेच्या टपऱ्या हलणार. हललेल्यांना जागा देताना कोणाकडे कागद आहे ते पाहिले जाते, कोण किती वर्षे बसतो हे नंतर. म्हणून ज्यांचा तिथे गाडा आहे त्यांनी प्रत्येक बाजार फीची तारीख घातलेली छापील पावती घ्यावी, ठेकेदार देत नसेल तर ग्रामपंचायतीकडे लेखी मागावी. अन्न विभागाची नोंदणी स्वतःच्या नावावर करावी, भाच्याच्या किंवा मित्राच्या नावावर नको. जागा रस्त्याच्या हद्दीत असेल तर ती बांधकाम खात्याची असते, ग्रामपंचायतीची पावती तिथे पुरी पडत नाही. हे आधीच विचारून घ्यावे. आणि पावत्या पत्र्याच्या डब्यात ठेवाव्या, पिठाच्या डब्याखाली ठेवल्या तर तेलाने अक्षर उडते.