पहिला आकडा आणि पुढची वाढ

इचलकरंजीच्या यंत्रमागांवर कापडाच्या मापाने मजुरी मिळते. तेव्हा कोणाचे काम किती वाढले, हा तेथे पोटाचा प्रश्न होतो. समजा, वाटाघाटीत दोन महिन्यांचा तक्ता पुढे आला आणि मालकपक्ष म्हणाला : मागे पडलेल्यांना दम दिला, ते पुढे आले, पुढच्यांना शाबासकी दिली, ते ढिले पडले. तेव्हा दमच बरा!

यावर आम्ही एक खेळ सुचवितो. पुष्कळ मुलांना फासा दोनदा टाकायला द्या. पहिल्याने १ पडलेल्यांचे दुसरे दान सरासरीने साडेतीन, म्हणजे अडीचची वाढ. ६ पडलेल्यांची अडीचची घट. फाशाला दम कोणी दिला होता? वाढ काढताना पहिला आकडा वजा होतो आणि तीच वाढ पुन्हा त्याच आकड्याशी ताडली जाते. उलटे नाते तेथेच उपजते. मागावर कसब असते, म्हणून हा परिणाम तेथे इतका पुरा दिसत नाही. पण सूत तुटणे, वीज जाणे, अंगात ताप असणे ही दानेच की! फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ साली आईबाप व मुले यांच्या उंचीत सरासरीकडची हीच ओढ दाखविली.

सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे सांगत, की एकाच माणसाचा आहार दिवसागणिक कमीजास्त होतो. एका दिवसाच्या आकड्यावरून त्याला कुपोषित ठरवू नये. त्यांचे सारेच निष्कर्ष आम्हांला मानवत नाहीत, पण हा मुद्दा पक्का आहे.

ओल्डहॅम यांनी १९६२ साली उपाय सुचविला : वाढ पहिल्या आकड्याशी न ताडता दोन्ही आकड्यांच्या सरासरीशी ताडावी. फाशाच्या खेळात मग नाते उरतच नाही. आज संगणकावर याहून पुढे जाता येते. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी १९९० नंतरच्या दशकात रचलेली 'आर' ही प्रणाली फुकट मिळते. तिच्यातील 'एनएलएमई' हे साधन प्रत्येकाचा आरंभ व वेग निराळा धरते, योगायोगाचा भाग बाजूला काढते आणि मग आरंभ व वेग यांचे नाते अजमावते.

मात्र त्याला दोन महिन्यांचे आकडे पुरत नाहीत. म्हणून कामगाराने दरमहाची नोंद स्वतःच्या वहीत ठेवावी. आणि दमाचा गुण सांगणाऱ्याकडे, तितकेच मागे असूनही ज्यांना दम दिला नव्हता, त्यांचेही आकडे मागावेत.